भाजलेल्या त्वचेचा दाह मलमाने आवरता येईल का? मिशिगनमधील एका औषध-चाचणीचा प्रकरण अभ्यास

या अभ्यासात एकाच संशोधन-प्रकरणाची मांडणी केली आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या शल्यचिकित्सा विभागातील एका गटाने मांडलेली एक कल्पना उंदरांवर तपासली: भाजलेल्या त्वचेवर दाह (म्हणजे नुसती आग नव्हे, तर इजेनंतर शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेतून येणारी सूज आणि लाली) रोखणारे औषध वरून लावले, तर त्वचेची हानी कमी होईल का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्वचेपासून दूर असलेले फुप्फुस वाचेल का. या कामाचे निष्कर्ष २००६ आणि २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. या गटातील व्यक्तींची नावे येथे वगळली आहेत. कोणत्या पर्यायांचा विचार करणे शक्य होते, हा भाग त्या काळच्या वैद्यकीय ज्ञानाच्या आधारे मांडला आहे.

पार्श्वभूमी

भाजण्याची इजा दोन टप्प्यांत होते, आणि पहिला टप्पाच लोकांच्या डोळ्यांपुढे असतो. ज्वाला, उकळते पाणी किंवा तापलेले तेल त्वचेला लागते तेव्हा काही क्षणांत पेशी मरतात, आणि त्या मेलेल्या पेशींसाठी नंतर काहीही करता येत नाही. दुसरा टप्पा त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत घडतो, आणि तो शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेतून घडतो. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे वर्णन केले. मध्यभागी पूर्णपणे मेलेला भाग असतो, त्याभोवती रक्तप्रवाह मंदावलेला पण अजून जिवंत असलेला भाग असतो, आणि सर्वांत बाहेर लालसर, बहुधा आपोआप बरा होणारा भाग असतो. यातला मधला पट्टा हाच उपचारांचा खरा विषय आहे. त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या गळू लागल्या, त्यांत पांढऱ्या पेशी अडकल्या आणि सूज वाढत गेली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत तो पट्टाही मरतो आणि वरवरची वाटलेली जखम खोल होऊन बसते. जळीत कक्षात काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेने हे पाहिलेले असते: पहिल्या दिवशी गुलाबी, ओलसर दिसलेला भाग तिसऱ्या दिवशी पांढुरका आणि निर्जीव झालेला असतो.

भाजलेले क्षेत्र लहान असेल तर ही प्रतिक्रिया जखमेपुरती राहते. प्रौढ माणसाच्या त्वचेचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग भाजला, की ती सर्व शरीराची होते. न भाजलेल्या भागातल्या रक्तवाहिन्याही गळू लागतात, म्हणूनच अशा रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत प्रचंड प्रमाणात सलाईन द्यावे लागते. १९६० च्या दशकात टेक्सासमधील डॅलस येथे रूढ झालेल्या पार्कलँड सूत्रानुसार शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे आणि भाजलेल्या दर टक्क्यामागे ४ मिलिलिटर द्रव धरतात, आणि त्यातला अर्धा भाग भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत देतात. म्हणजे ६० किलो वजनाचा माणूस ३० टक्के भाजला असेल, तर पहिल्या दिवसाचा हिशेब ७.२ लिटरवर जातो. इतके करूनही, धुराचा एकही श्वास आत गेलेला नसताना, काही रुग्णांची फुप्फुसे काही दिवसांत निकामी होऊ लागतात. फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी साचतात, द्रव झिरपतो, आणि त्यावर न्यूमोनिया होतो. आग पाठीला लागलेली असते आणि जीव छातीत जातो.

मूळ प्रश्न

शरीरभर पसरणाऱ्या या दाहाचे आणि जखमेतल्या दाहाचे नाते नेमके कसे आहे, हा या प्रकरणाचा मूळ प्रश्न होता. दोन शक्यता होत्या. पहिली अशी की भाजण्याच्या क्षणीच शरीराला एक मोठा धक्का बसतो, त्यातून सर्व अवयवांत दाह सुरू होतो आणि त्यानंतर जखमेचे काय होते याला फारसे महत्त्व उरत नाही. दुसरी अशी की भाजलेली त्वचा तासन्‌तास दाहक संदेश, म्हणजे दाह पेटवणारे रेणू, रक्तात सोडत राहते आणि फुप्फुसापर्यंत पोहोचणारा त्रास त्या सततच्या पुरवठ्यावर जगतो. पहिली शक्यता खरी असेल तर जखमेवर दाहशामक औषध लावण्याने फुप्फुसाला काही मिळणार नाही. दुसरी खरी असेल तर उगम बंद करणे हाच सर्वांत नेमका उपचार ठरतो. मिशिगनच्या गटाने दुसरी शक्यता गृहीतक म्हणून धरली.

या प्रश्नाला एक धोक्याची बाजूही होती. दाह ही जंतूंविरुद्धची शरीराची संरक्षण-व्यवस्था आहे. भाजून मेलेली त्वचा ओलसर, उबदार आणि प्रथिनांनी भरलेली असते, आणि स्यूडोमोनाससारखे जंतू तिच्यावर झपाट्याने वाढतात. फुप्फुस वाचवण्यासाठी जखमेतला दाह दाबला आणि त्यामुळे जखमेत जंतू माजले, तर रुग्ण फुप्फुसाऐवजी जंतुसंसर्गाने दगावेल. असे औषध तपासणाऱ्या कोणालाही या शंकेचे उत्तर द्यावेच लागते.

विचारात घेण्याजोगे पर्याय

त्या वेळी जखमेवर लावण्याच्या औषधांचा सगळा विचार जंतूंभोवती फिरत होता. १९६८ मध्ये पुढे आलेले सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरे मलम जगभरच्या जळीत कक्षांत रोजच्या वापरात होते आणि आपल्याकडेही ते सर्वांच्या ओळखीचे आहे. ते जंतूंना आवरते, पण त्वचेच्या स्वतःच्या दाहक प्रतिक्रियेला हात लावण्यासाठी ते बनलेले नाही, आणि पुढे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता त्याच्या वापरात जखम भरायला उलट वेळ लागू शकतो असेही दिसले.

दुसरा पर्याय स्टेरॉइडचा होता. दाह कमी करणारे हे जुने आणि स्वस्त औषध आहे, पण ते एकाच वेळी इतक्या प्रक्रिया दाबते की नवी त्वचा तयार होणे मंदावते आणि जंतूंना मोकळीक मिळते. मोठ्या भाजलेल्या जखमेवर ते नियमित वापरात नाही, आणि त्याची कारणे पुरेशी आहेत.

तिसरा पर्याय शरीरात, म्हणजे रक्तातून, दाहविरोधी औषध देण्याचा. १९९० च्या दशकात गंभीर जंतुसंसर्गाच्या रुग्णांवर टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ या दाहक रेणूंना रोखणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि प्राण्यांमध्ये दिसलेला फायदा माणसांत टिकला नाही. संपूर्ण शरीराचा दाह एकदम दाबण्याच्या कल्पनेवरचा विश्वास त्यामुळे बराच ओसरला होता.

चौथा पर्याय मला विशेष लक्षणीय वाटतो, कारण तो या प्रकरणाच्या कल्पनेचा पूर्वज आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी भाजलेल्या त्वचेतून बाहेर पडणारे प्रथिन-मेद संयुग शरीराला विषारी ठरते असे मांडले होते, आणि सेरियम नायट्रेट हे द्रव्य ते संयुग जखमेतच बांधून ठेवते अशी धारणा होती. १९७० च्या दशकात सेरियम नायट्रेट आणि सिल्व्हर सल्फाडायझिन एकत्र करून वापरण्यात आले आणि युरोपातील काही देशांत ते आजही वापरले जाते. त्याने जखमेवर टणक, कोरडा थर तयार होतो. उगम जखमेत आहे आणि तो जखमेतच थोपवावा हा विचार त्यात होता. कोणता संदेश थोपवायचा हे मात्र पुरेसे नेमके नव्हते.

पाचवा पर्याय शस्त्रक्रियेचा, आणि तो सर्वांत बळकट होता. स्लोव्हेनियातील शल्यचिकित्सक झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये भाजलेली त्वचा पहिल्या काही दिवसांतच पातळ थरांत कापून काढून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत मांडली. मेलेली त्वचा लवकर काढल्याने दाहाचा उगमच नाहीसा होतो, आणि ज्या केंद्रांना ही पद्धत जमली तेथे खोल भाजलेल्या रुग्णांचे भवितव्य पालटले. पण त्यासाठी भूल देणारे अनुभवी डॉक्टर, भरपूर रक्त, रोपणासाठी पुरेशी निरोगी त्वचा आणि रिकामे शल्यगृह लागते. शिवाय अर्धवट खोलीच्या जखमेत कोणता भाग मरणार आणि कोणता जगणार हे पहिल्या दोन दिवसांत निश्चित सांगता येत नाही, आणि वाचू शकणारी त्वचा कापून टाकणे हीसुद्धा हानीच असते.

पहिला निर्णय: कोणता रेणू रोखायचा

संशोधकांनी पी-३८ हे एन्झाइम निवडले. पेशीवर उष्णता, जखम किंवा जंतूंचा ताण आला की पेशीच्या आत हे एन्झाइम कार्यरत होते, पुढच्या रेणूंना चालना देते, आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ यांसारख्या दाहक रेणूंची निर्मिती वाढते. म्हणजे एकेका दाहक रेणूच्या मागे लागण्याऐवजी अनेकांना सुरू करणारी एक पायरी येथे रोखता येते, आणि तरीही स्टेरॉइडइतका सर्वव्यापी परिणाम होत नाही.

याच एन्झाइमला रोखणारी पोटात घेण्याची औषधे संधिवातासाठी अनेक कंपन्या त्या काळात तपासत होत्या, आणि त्यांतील बरीच यकृतावरील दुष्परिणामांमुळे किंवा परिणाम काही आठवड्यांत ओसरल्यामुळे मागे पडली. जळीत रुग्णाला मात्र हे औषध वर्षानुवर्षे नको असते, तर काही दिवस आणि एका मर्यादित जागी हवे असते. म्हणून संधिवातात जे औषध गैरसोयीचे ठरले ते भाजलेल्या त्वचेवर उपयोगी पडू शकेल, हा तर्क मला आजही सयुक्तिक वाटतो.

दुसरा निर्णय: औषध त्वचेवरच राहते याचा पुरावा कसा मिळवायचा

हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. मलम वरून लावले म्हणजे औषध वरच राहते असे समजणे भाजलेल्या त्वचेच्या बाबतीत धोक्याचे आहे. निरोगी त्वचेचा बाहेरचा थर औषधांना अडवतो आणि नेमका तोच थर येथे नष्ट झालेला असतो. याचा धडा जळीत उपचारांनी आधीच घेतला होता. १९६० च्या दशकात आलेले मॅफेनाइड हे मलम जंतूंवर उत्तम चालते, पण मोठ्या क्षेत्रावर लावले की ते रक्तात शोषले जाते, कार्बॉनिक अॅनहायड्रेज हे एन्झाइम रोखते, आणि रुग्णाच्या रक्तातील आम्लता वाढू शकते.

आता समजा, जखमेवर औषध लावल्यावर उंदराचे फुप्फुस कमी सुजलेले दिसले. त्याचे दोन अर्थ निघतात. औषधाने त्वचेतला उगम बंद केला म्हणून फुप्फुस वाचले असेल, किंवा औषध जखमेतून शोषले जाऊन रक्तावाटे फुप्फुसात पोहोचले आणि तेथेच काम केले असेल. दुसरा अर्थ खरा असेल तर मूळ गृहीतक सिद्ध होत नाही, आणि मलम हा केवळ शरीरभर औषध देण्याचा आडमार्ग ठरतो, ज्यात सर्वांगी औषधाचे सगळे धोके येतात.

हा पेच सोडवण्यासाठी एटीएफ-२ या रेणूची मोजणी उपयोगी पडली. पी-३८ कार्यरत असले की हा रेणू त्याच्या पुढच्या पायरीवर हलतो, म्हणजे पी-३८ खरोखर रोखले गेले आहे का याची ती खूण आहे. ही खूण त्वचेत आणि फुप्फुसात अशा दोन्ही जागी पाहिली गेली. औषध फुप्फुसात पोहोचले असते तर तेथेही एटीएफ-२ कमी झालेला दिसायला हवा होता. एका साध्या दुहेरी मोजणीने दोन परस्परविरोधी अर्थांत निवाडा करण्याची सोय झाली, आणि माझ्या मते या संपूर्ण कामाचे वजन या मोजणीवर उभे आहे.

चाचणीची आखणी

उंदरांच्या एकूण त्वचेच्या ३० टक्के भागाला भाजल्याची इजा करण्यात आली. अशा प्रयोगांत प्राण्यांना आधी भूल दिली जाते आणि संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. काही उंदरांच्या जखमांवर पी-३८ रोखणारे औषध लावले, तर काहींना औषधाविना नुसते माध्यम, म्हणजे औषध ज्यात मिसळतात ते द्रव्य, लावले. हा दुसरा गट अपरिहार्य असतो, कारण भाजलेल्या जागेवर कोणतेही द्रावण किंवा मलम लावले तरी तिचा ओलावा टिकतो, हवेशी संपर्क कमी होतो, आणि त्यानेच काही फरक पडू शकतो.

त्यानंतर मोजणी तीन जागी झाली. त्वचेत दाहक रेणू किती तयार झाले हे पाहिले. रक्तद्रवाची चाचणी वेगळ्या प्रकारे झाली: त्या उंदरांचा रक्तद्रव प्रयोगशाळेतील भक्षकपेशींवर (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) घालून त्या किती भडकतात हे तपासले, म्हणजे रक्तात दाहक संदेश किती फिरत आहेत याचा प्रत्यक्ष परिणामच मोजला गेला. फुप्फुसात न्यूट्रोफिल किती साचले, दाहक रेणू किती वाढले, आणि रक्तवाहिन्यांतून किती द्रव झिरपला हे पाहिले. त्वचा, रक्त आणि फुप्फुस अशी साखळी तिन्ही कड्यांवर तपासल्यामुळे निष्कर्ष केवळ सुरुवात आणि शेवट जुळवून काढलेला राहिला नाही.

निष्पत्ती

औषध लावलेल्या उंदरांच्या त्वचेतील दाहक संदेश लक्षणीय प्रमाणात कमी झाले. दाहाबरोबरच जखमेतील उपकला-पेशींचे, म्हणजे त्वचेचे आवरण बनवणाऱ्या पेशींचे, मरणेही घटले, आणि ही गोष्ट पुढील उपचारांच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण अर्धवट खोलीची जखम भरून येते ती खोलवर शिल्लक राहिलेल्या केसांच्या मुळांतील आणि घामग्रंथींतील याच पेशींपासून. या उंदरांचा रक्तद्रव प्रयोगशाळेतील भक्षकपेशींना कमी भडकवत होता. फुप्फुसात न्यूट्रोफिल कमी साचले, रक्तवाहिन्यांची इजा कमी झाली आणि सूजही घटली.

आणि निर्णायक गोष्ट अशी की एटीएफ-२ त्वचेत कमी झाला, पण फुप्फुसात कमी झाला नाही. औषध त्वचेत काम करत होते आणि फुप्फुसात पोहोचून काम करत असल्याची खूण नव्हती, तरीही फुप्फुस बचावले होते. भाजलेली त्वचा शरीरभरच्या दाहाला सतत खतपाणी घालते या गृहीतकाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

जंतूंच्या शंकेचे उत्तर पुढच्या टप्प्यात शोधले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात भाजलेल्या उंदरांना नंतर न्यूमोनियाचा संसर्ग देण्यात आला, म्हणजे जळीत रुग्णाच्या बाबतीत सर्वांत जास्त भीती असलेली परिस्थितीच उभी केली गेली. जखमेवर दाहविरोधी औषध लावलेल्या उंदरांची फुप्फुसे अधिक चांगली चालली आणि त्यांच्यातले अधिक प्राणी जगले. जखमेतला दाह कमी केल्याने शरीर जंतूंपुढे दुबळे होईल अशी जी भीती होती, तिच्या नेमके उलट चित्र दिसले. हे समजण्याजोगे आहे: भाजल्यानंतर फुप्फुसात विनाकारण साचून तेथील ऊतींना इजा करणाऱ्या पांढऱ्या पेशी संरक्षणाचे काम नीट करतातच असे नाही, आणि आधीच सुजलेल्या फुप्फुसावर संसर्ग अधिक सहज रुजतो.

मलम रुग्णापर्यंत का पोहोचले नाही

इतके आशादायक निष्कर्ष असूनही जळीत कक्षांच्या नेहमीच्या उपचारांत असे मलम आज नाही. उंदराची त्वचा हा यातला पहिला अडसर आहे. ती पातळ आणि सैल असते, तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, आणि तिची जखम मुख्यतः आकुंचन पावून बंद होते. माणसाची जखम मुख्यतः कडांकडून आणि खोलवरच्या पेशींकडून नवी त्वचा वाढून भरते. म्हणून त्वचेवरील औषधांच्या चाचणीत उंदरानंतर डुकराची पायरी महत्त्वाची मानतात, कारण त्याची त्वचा रचनेने माणसाच्या त्वचेच्या बरीच जवळ आहे.

दुसरा अडसर अधिक खोल आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या सहकारी प्रकल्पातील संशोधकांनी गंभीर अपघात, भाजणे आणि जंतुविष या तिन्ही परिस्थितींत माणसाच्या आणि उंदराच्या जनुकांची प्रतिक्रिया शेजारी ठेवून पाहिली आणि दोहोंत फारच कमी साम्य आहे असा निष्कर्ष काढला. दोन वर्षांच्या आत जपानमधील संशोधकांनी तीच माहिती वेगळ्या पद्धतीने तपासून साम्य बरेच आहे असे त्याच नियतकालिकात मांडले. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. मिशिगनमधील निष्कर्ष त्यामुळे खोटे ठरत नाहीत, परंतु उंदराच्या फुप्फुसावरून माणसाच्या फुप्फुसाविषयी ठामपणे बोलण्याचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही.

वेगळे काय करता येईल

औषध लावण्याच्या वेळेचा प्रश्न मी सर्वांत पुढे ठेवेन. प्रयोगशाळेत भाजण्याचा क्षण ठाऊक असतो आणि औषध हाताशी असते. प्रत्यक्षात रुग्ण आधी गावातल्या दवाखान्यात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचतो, आणि वाटेत जखमेवर हळद, टूथपेस्ट किंवा शाई लागलेली असण्याची शक्यता असते. पी-३८ हे एन्झाइम इजेनंतर लवकर जागे होते; तेव्हा औषध सहा, बारा किंवा चोवीस तास उशिरा लावले तर किती परिणाम उरतो, हे प्राण्यांमध्येच पद्धतशीर तपासणे आवश्यक आहे. येथे एक ताण आहे आणि तो लपवू नये. ज्या रुग्णालयांत पहिल्या काही दिवसांत त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही, तेथे अशा मलमाची गरज सर्वांत जास्त आहे. पण तेथेच रुग्ण सर्वांत उशिरा पोहोचतात. भारतात दरवर्षी सुमारे ७० लाख लोकांना भाजण्याची इजा होते आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसे त्यात मरण पावतात, असा केंद्र शासनाच्या जळीत-प्रतिबंध कार्यक्रमाचा अंदाज आहे. ज्या औषधाचा दावा पहिल्या तासापुरताच खरा असेल, त्याचा या माणसांना उपयोग नाही.

दुसरी सुधारणा जोडउपचारांची. कोणताही डॉक्टर मोठ्या जखमेवर जंतुनाशक मलमाशिवाय केवळ दाहविरोधी औषध लावणार नाही. तेव्हा सिल्व्हर सल्फाडायझिनसोबत हे औषध टिकते का, त्याची शोषणक्षमता बदलते का, आणि दोन्ही एकत्र असताना जखम भरण्याचा वेग कसा राहतो, ही चाचणी माणसांपर्यंत जाण्याआधीच व्हायला हवी. त्याबरोबर दीर्घ पाठपुरावाही हवा. सुरुवातीचा दाह नंतरच्या व्रणाच्या जाडीशी जोडलेला आहे, आणि वाचलेल्या रुग्णाचे पुढचे सगळे आयुष्य त्या व्रणाने आखडलेल्या मानेशी, कोपराशी आणि बोटांशी झगडण्यात जाते. सुरुवातीच्या दिवसांतली फुप्फुसाची सूज मोजून थांबणे पुरेसे नाही.

माणसांवरील चाचणीच्या आखणीत एक बारीक सापळा आहे. जखमेवर लावण्याच्या औषधांची तुलना पुष्कळदा एकाच रुग्णाच्या शरीरावर करतात: एका बाजूच्या जखमेवर नवे औषध, दुसऱ्या बाजूवर रूढ औषध. त्याने माणसामाणसांतला फरक टळतो आणि थोड्या रुग्णांतही उत्तर मिळते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोलापूरच्या मधाच्या चाचणीत १०४ रुग्णांचे दोन वेगळे गट करून मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना झाली होती; त्या वेळी प्रश्न फक्त जखमेपुरता होता, त्यामुळे कोणतीही पद्धत चालली असती. पी-३८ रोखणाऱ्या मलमाचा मुख्य दावा मात्र फुप्फुसाविषयी आहे, आणि एकाच शरीराची अर्धी जखम उपचाराविना दाहक संदेश सोडत राहिली तर फुप्फुसावरचा परिणाम कधीच उघड होणार नाही. म्हणून दोन पायऱ्या हव्यात. आधी लहान जखमांच्या रुग्णांत, एकाच शरीरावरील तुलनेने, शोषण आणि सुरक्षितता पाहावी. त्यात रक्तातील औषधाची पातळी आणि यकृताच्या तपासण्या सक्तीच्या असाव्यात. त्यात काही वावगे दिसले नाही, तरच मोठ्या जखमांचे रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटून श्वसन, संसर्ग आणि मृत्यू यांची नोंद करावी. चाचणी मध्येच थांबवण्याचे निकष आधी लिहून ठेवावेत, आणि त्यांत पहिला निकष जखमेतील संसर्ग वाढण्याचा असावा.

संमतीचा प्रश्न आपल्याकडे विशेष अवघड आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार सहभागाआधी रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते, आणि असुरक्षित स्थितीतील व्यक्तींवर नवा औषधी रेणू तपासायचा असेल तर त्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. नुकताच भाजलेला माणूस वेदनेत आणि गुंगीत असतो. त्याच पहिल्या तासांत पोलीस जबाब घेण्यासाठी उभे असतात, आणि रुग्ण विवाहित तरुणी असेल तर शेजारी उभे असलेले सासरचे नातेवाईक तिच्या वतीने सही करण्यास योग्य आहेत का, हाच प्रश्न असतो. अशा वेळी घेतलेली सही कायद्याने वैध ठरली तरी ती संमती होईलच असे नाही. औषध लवकर लावण्याची शास्त्रीय गरज आणि संमतीसाठी लागणारा वेळ यांत येथे सरळ संघर्ष आहे. माझ्या मते, औषध उशिरा लावल्यावरही परिणाम टिकतो का, याचे उत्तर प्राण्यांमध्ये मिळेपर्यंत पहिल्या तासांत नोंदणी करणारी चाचणी मोठ्या जखमांच्या रुग्णांवर सुरू करू नये. परिणाम बारा तासांनंतरही टिकत असेल, तर वेदना आटोक्यात आल्यावर, रुग्णाशी एकट्याने बोलून, तटस्थ साक्षीदारासमोर विचारण्यास वेळ मिळतो.